पहिला हात

बाळांनो, जरा तुमचा उजवा हात पुढे करा बघू. तळहात वर, बोटं सैल. आता असं समजा, की तुमच्या मनगटापाशी कुणीतरी एक हिरवी, गुबगुबीत अळी अलगद ठेवली आहे. ती आधी मान उचलून इकडेतिकडे बघते. मग पुढचे पाय टाकते, मागचं अंग ओढून घेते, पुन्हा पुढचे पाय टाकते. गुदगुल्या होतात ना? हात मागे घ्यावासा वाटतो ना? घेऊ नका. पडेल बिचारी.

आता असं समजा, की हा हात तुमचा नाही, मैनाचा आहे.

मैना अकरा वर्षांची. उरणच्या पलीकडे खाडीला लागून असलेल्या गावात वाढलेली. तिच्या बाबांना कळंबोलीला कंटेनरच्या यार्डात काम मिळालं, रोज गावाहून जाणं-येणं आणि त्यात पाळ्या, जमेना. म्हणून या पावसाळ्याच्या तोंडावर सगळं बिऱ्हाड कामोठ्याच्या एका सोसायटीत आलं. सहावा मजला, लिफ्ट, खाली झोपाळा आणि घसरगुंडी. मैनाला वाटलं होतं, एवढी मुलं एका इमारतीत म्हणजे मजाच मजा. पण पहिल्याच दिवशी ती खाली गेली आणि नळापाशी म्हणाली, "पानी हाय का यात?"

झालं. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये ती शिरली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "पानी हाय का पानी?" आणि बाकीचे भिंतीकडे तोंड करून हसायचे. मैनाने घरी आरशासमोर उभं राहून "पाणी, लोणी, कोण" असं घोटून घोटून पाठ केलं. बोलणं सुधारलं, पण तिच्याशी कुणी बोलेल तर ना!

त्या सोसायटीत एक मंडळ होतं, पाकोळी मंडळ. कृष्णात सर म्हणून कोल्हापूरकडचे एक निवृत्त विज्ञान शिक्षक तळमजल्यावर राहायचे. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन ते कधी खाडीकाठी, कधी डोंगरात जायचे आणि फुलपाखरं, पतंग, अळ्या ओळखायला शिकवायचे. मंडळात यायला पैसे लागत नसत. लागायचा फक्त हात. सर लिंबाच्या झाडावरची अळी शोधायचे आणि नव्या मुलाच्या तळहातावर सोडायचे. ती हातभर फिरली, मुलाने न झटकता फिरू दिलं, की झाला "पहिला हात". सर म्हणायचे, "ज्यानं एकदा अळीला हात दिला, त्येचा पाय पुन्हा अळीवर पडत न्हाई." मग त्या मुलाला एका फुलपाखराचं नाव मिळायचं. अंकुर होता नीलवंत, तेजश्री चांदवा, संघर्ष रुईकर. संध्याकाळी खालून हाका यायच्या, "चांदवाऽऽ, खाली ये! रुईकर, बॉल आण रेऽऽ!"

मैना सहाव्या मजल्याच्या खिडकीत उभी राहून त्या हाका ऐकायची. आपल्या नावाने कुणीतरी खालून ओरडावं, एवढंच तिला हवं होतं. नाव कुठलंही चालेल.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीतल्या सहलीसाठी तिने आईकडे हट्ट धरला, आणि त्या सकाळी ती मिनीबसमध्ये चढली.

"अरे, ही पण येतेय?" तेजश्री म्हणाली. तेजश्री आठवीत होती, आणि तिला कुठे बोट ठेवलं की दुखतं ते बरोबर कळायचं. "सर, हिला कशाला घेतलं? मैना म्हणजे अळ्या खाणारा पक्षी. आपण ओळखायच्या आत ही गिळून टाकेल."

बसमध्ये हशा पिकला. सरही हसले. त्यांना वाटलं, पोरीने पक्ष्यांचा धडा बरा लक्षात ठेवलाय.

मैनाशेजारी कुणी बसलं नाही. शेवटी धम्मपाल येऊन बसला. तो पहिलीत होता, त्याचीही पहिलीच सहल होती, आणि त्याला सगळे धम्मू म्हणायचे. त्याने डबा मांडीवर घट्ट धरला होता. कळंबोलीच्या सर्कलला ट्रकांच्या रांगेत बस अडकली, तेव्हा त्याने विचारलं, "ताई, अळीला दात असतात?"

"पानं खायला असतील ना."

"मग ती मला पान समजली तर?"

"तू काय हिरवा आहेस?" मैना म्हणाली. धम्मूने आपले हात उलटेपालटे करून नीट पाहिले आणि त्याचं समाधान झालं. तिथून पुढे तो मैनाचा दुपट्टा सोडेना.

खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी बस थांबली. पाऊस सरून गवत कंबरेएवढं वाढलं होतं. डोक्यावरून एक विमान खाली उतरत गेलं, इतकं खाली की त्याची चाकं दिसली. सरांनी वर पाहिलंसुद्धा नाही. ते रुईच्या झुडपापाशी वाकले होते.

"हितं या लेकरांनो. ही बघा."

रुईच्या जाड पानावर एक अळी होती. काळे, पांढरे, पिवळे पट्टे, आणि पाठीवर काळी शिंगं.

"केवढी भडक!" संघर्ष म्हणाला. "पक्ष्याला लगेच दिसणार की."

"दिसायलाच पायजे त्याला. रुईचा चीक विषारी. तो खाऊन ही पण विषारी झाली. तिचा रंग ओरडून सांगतोय, मला खाशील तर पस्तावशील. आणि मोठेपणी हिचं होतं रुईकर फुलपाखरू." सरांनी समोर उडणाऱ्या नारिंगी फुलपाखराकडे बोट केलं. "पण गंमत ऐका. चांदवा फुलपाखराच्या मादीत विष न्हाई. ती काय करते? रुईकराचे कपडे घालते. डिट्टो तसेच पंख. पक्षी फसतो आणि तिला सोडून देतो."

"म्हणजे तेजश्री नकलाकार!" संघर्ष ओरडला.

"गप ए विषारी," तेजश्री म्हणाली.

सगळे हसले, मैनाही हसली. तेजश्रीने वळून तिच्याकडे पाहिलं, तशी ती गप्प झाली.

पुढे एका खडकावर राखाडी ठिपका दिसला. दगडावरचं शेवाळंच जणू. सरांनी काडी जवळ नेली, तर त्या शेवाळ्याने पंख थरथरवले. "पतंग. फुलपाखरू बसलं की बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटून धरतं, आणि ह्यो बघा कसा सपाट पसरून बसलाय. मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीला टोकाला गोंडा असतो, ह्येच्या पिसासारख्या." मैना सगळं मनात साठवत होती. गोकर्णाची वेल कोणती नि बेल कोणता, हे तिला आधीच ठाऊक होतं, पण ती बोलली नाही. तोंड उघडलं की एखादा "हाय" निसटायचा.

वाटेत तेजश्रीलाच एक अळी सापडली. हिरवी, मोठी, आणि तिच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखं पांढरं पांढरं काहीतरी उभं चिकटलेलं.

"सर, हिने अंडी घातलीत!"

"अळी अंडी घालती व्हय?" सर गंभीर झाले. "ती अंडी न्हाईत, कोष हाईत. गांधीलमाशीची एक बारकी बहीण असती. ती अळीच्या पोटात अंडी घालून जाते. पिल्लं आतून खात खात वाढतात, मग कातडीला भोकं पाडून बाहेर येतात आणि हिच्याच पाठीवर घरं बांधतात."

"मग ही मेली?" धम्मूने विचारलं.

सरांनी काडीने हलकेच टोचलं. अळीने डोकं हलवलं.

"न्हाई मेली. ती पिल्लं लय हुशार. सगळं खातात, पण जिवाला लागणारं शेवटपर्यंत ठेवतात. मेली तर मास कुजंल ना."

"काढून टाका ना ते," मैना म्हणाली.

"आता काढून उपयोग न्हाई, पोरी. आपण बघायचं."

अंकुरने फोटो काढला. तो मंडळातला सगळ्यात हुशार मुलगा. सरांच्या आधी नाव सांगायचा, आणि ते बरोबर असायचं. तेजश्री त्याच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाली. त्याने मान हलवली, नाही म्हणून. ती पुन्हा म्हणाली. मग त्याने खांदे उडवले.

ओढ्याकाठी सरांनी बसकण मारली. अलीकडे त्यांचे गुडघे साथ देत नव्हते, म्हणून पहिल्या हाताचं काम त्यांनी मोठ्या मुलांवर सोपवलं होतं. जबाबदारी दिली की मुलं शहाणी होतात, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

"सर, आम्ही मैनाचा पहिला हात करून येतो," तेजश्री म्हणाली.

"जावा. पण बेलावरची न्हाईतर कढीपत्त्यावरचीच शोधा. जी ओळखू येत न्हाई तिला हात लावायचा न्हाई."

"हो सर."

मैनाचं काळीज धडधडत होतं. आनंदाने, बरं का.

तेजश्री, अंकुर आणि संघर्ष तिला एका आंब्याच्या रोपाकडे घेऊन गेले. अंकुरने काडीने एक पान उलटं केलं. पानाच्या पोटाला एक अळी चिकटून होती. किती सुंदर म्हणून सांगू! पोपटी रंग, पाठीवरून निळी रेघ, आणि दोन्ही कडांना हिरव्या काट्यांचे छोटे छोटे तुरे. पाय दिसतच नव्हते. थेंब ओघळावा तशी ती सरकत होती.

"ही आंब्यावर कशी?" मैनाने विचारलं. "सर म्हणाले, बेलावरची."

"आम्हाला शिकवणार का आता?" तेजश्री म्हणाली.

"काटे आहेत तिला."

"काटे आहेत, केस आहेत का? तुमच्या गावात काय शिकवतात?"

"केसाळ दिसला की लांब राहायचं. सुरवंट लागला की आजी घोंगडं घासते."

"मग? ही केसाळ नाहीच. सकाळी सर काय बोलले, ऐकलंस ना? ही नकलाकार आहे. काटे नुसते दाखवायला. घाबरट असेल तो घाबरतो. हो ना रे, अंकुर?"

मैनाने अंकुरकडे पाहिलं. तेजश्रीवर तिचा विश्वास नव्हता. पण अंकुरला सगळं माहीत असतं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"खरंच? चावत नाही ना?"

अंकुरने हातातल्या काडीकडे पाहिलं. त्याला त्या अळीचं नाव ठाऊक होतं, आणि ते काटे काय करतात तेही ठाऊक होतं.

"नाही चावत," तो म्हणाला.

मैनाने हात पुढे केला. तळहात वर, बोटं सैल. अंकुरने पान झटकलं.

विजेच्या उघड्या तारेला हात लागावा तसं झालं. आधी काही कळलंच नाही, मग मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत नुसती आग. तिने हात झटकला, अळी गवतात पडली. मैनाचं तोंड उघडलं, पण आवाज बाहेर यायच्या आत तेजश्रीने बोट रोखलं.

"रडलीस तर गेलीस. पहिल्या हाताला रडणाऱ्याला नाव मिळत नाही."

मैनाने दुसऱ्या हाताची मूठ तोंडात कोंबली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज आला नाही. तळहातावर लाल फोड उठत होते, एकाला एक लागून, आणि तिच्या डोळ्यांदेखत बोटं जाड होत गेली.

"बस झालं यार," संघर्ष म्हणाला. "हात बघ तिचा."

"माझाही असाच झाला होता," अंकुर म्हणाला. तो मैनाकडे बघत नव्हता. "गेल्या वर्षी. तेव्हा मंडळात असलेल्या गोवर्धनदादाने केला होता. मी पण रडलो नव्हतो. काय मेलो का?"

"आणि सरांना सांगायचं नाही," तेजश्री म्हणाली. "सर सहलीच बंद करतील. मग सगळी सोसायटी म्हणेल, त्या मैनामुळे बंद झाल्या. बघ बाबा, तुझ्यावर आहे." मग तिचा आवाज एकदम गोड झाला. "नाही सांगितलंस, तर तू आमच्यातली. नाव पण ठरवलंय. राणी पाकोळी."

राणी पाकोळी! हात जळत होता, तरी ते नाव मैनाने मनातल्या मनात एकदा खालून हाक मारल्यासारखं म्हणून पाहिलं.

तिने ओढ्यात हात बुडवला, तर आग आणखीच जाणवली. मग तिने तो कुडत्याच्या खिशात घातला आणि त्यांच्या मागून सरांकडे गेली.

"झाला का पहिला हात?"

"झाला सर! आजपासून ही राणी पाकोळी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मैनासाठी या मुलांनी वाजवलेल्या त्या पहिल्याच टाळ्या.

"गुदगुल्या झाल्या का गं?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"डोळं लाल दिसतायत. भ्यालीस?"

"थोडी."

"भ्यायला होतंच पहिल्यांदा. शाब्बास!" सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा चेहरा इतका आनंदला होता, की मैनाला मान वर करवेना. खिशात तिचा हात ठणकत होता. "आता ह्यो बारका ऱ्हायला. धम्मू, जातोस का?"

"मैनाताई असली तर जातो," धम्मू म्हणाला.

"मग मैनाच देऊ दे त्येला पहिला हात. तुझ्यावर विश्वास हाय त्याचा. जावा."

तेजश्री मैनाच्या कानाशी येऊन कुजबुजली, "बघ, सरांनीच सांगितलं. आणि पद्धतच आहे आपल्यात. ज्याचा झाला, त्याने पुढच्याचा करायचा."

पुन्हा तेच आंब्याचं रोप. गवतात पडलेली अळी अंकुरने काडीने उचलून परत पानावर ठेवली होती. ती निवांत पान कुरतडत होती. धम्मू टाचा उंचावून बघत होता.

"किती भारी आहे! हिला निळी रेघ पण आहे!"

"हात पुढे कर," तेजश्री म्हणाली. "मैना, पान धर."

मैनाने डाव्या हाताने ते पान खुडून धरलं. उजवा खिशातच होता. धम्मूने आपला तळहात पुढे केला. इवलासा हात, त्यावर सकाळच्या पेनची शाई होती आणि डब्यातल्या चटणीचा लाल डाग. बोटं त्याने आपणहून सैल सोडली, कारण बसमधून उतरल्यापासून तो तसा सराव करत होता.

"ताई," तो म्हणाला, "चावते का गं ही?"

संघर्ष जमिनीकडे बघत होता. अंकुर मैनाकडे बघत होता, एकटक, जणू ती काय म्हणते ते त्याला स्वतःसाठीच ऐकायचं होतं. तेजश्री हसत होती.

"सांग ना त्याला, राणी पाकोळी," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी खिडकीत थांब हं. खालून हाक मारते तुला खेळायला."

अळी पानाच्या कडेशी आली. धम्मूचा तळहात तिच्या बरोबर खाली होता. दोन शब्द बोलायचे होते फक्त. अंकुर बोलला होता तेच दोन शब्द.

मैनाने पान अलगद मागे घेतलं आणि रोपाच्या फांदीवर टेकवलं. अळी सरकत सरकत फांदीवर गेली. मग तिने उजवा हात खिशातून बाहेर काढला. बोटं सुजून मिटली होती. ती तिने डाव्या हाताने एकेक करून उघडली. त्या वेळी मात्र तिच्या तोंडून हुंदका निघाला, आणि तिने तो दाबला नाही. धम्मूच्या तळहाताशेजारी तिने आपला तळहात धरला.

"चावते," ती म्हणाली. "लय चावते. हे बघ, मना चावली हाय."

धम्मूने एकदा आपला हात पाहिला, एकदा तिचा. मग आपला हात झटकन पाठीमागे नेला.

"गेलीस तू!" तेजश्री म्हणाली. "ऐकतेस का? कोणी बोलणार नाही तुझ्याशी. कधीच!"

मैनाने डाव्या हाताने धम्मूचा हात धरला. उजवा तसाच उघडा ठेवला, समोर, सगळ्यांना दिसेल असा, आणि ती ओढ्याकडे, सरांच्या दिशेने चालू लागली. मागून कुणीतरी हाक मारली, "मैनाऽऽ! ए मैना, थांब ना!" तो अंकुरचा आवाज होता. इतक्या महिन्यांत तिला तिच्या नावाने मारलेली ती पहिली हाक.

ती थांबली नाही.